एकमेकींचं नाव

कनकलता आणि निशामणी ही नावं मी इथे सहज लिहिते आहे, पण त्या दोघींनी एकमेकींची ही नावं कधी तोंडातून काढली नव्हती. परकरात होत्या तेव्हा त्यांच्या आया त्यांना पुरीला घेऊन आल्या, देवळातल्या आनंदबजारात, प्रसादाचा भात विकतात तिथे, समोरासमोर बसवलं आणि जगन्नाथाचा भात एकमेकींना भरवायला लावला. त्या दिवसापासून त्या महाप्रसाद झाल्या. महाप्रसाद झालं की नाव संपलं. ही तिला महाप्रसाद म्हणणार, ती हिला महाप्रसाद म्हणणार. एकीच्या घरचं सुतक दुसरीला, एकीच्या वेलाचा पहिला भोपळा दुसरीच्या घरी, आणि एकीची मुलं ती दुसरीचीही मुलं. आमच्या तेंतुळिपड्यात सख्ख्या बहिणी झिंज्या ओढताना मी पाहिल्यात, महाप्रसाद झालेल्या दोघी भांडताना पाहिल्या नाहीत.

मी कुंतला. दोघींच्या घरांच्या मधलं घर माझं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, त्यामुळे गावातल्या भानगडींत लक्ष घालायला वेळ भरपूर. माझं तोंड वाईट आहे असं गावात म्हणतात. वाईट नाही, फक्त वेळेवर उघडतं. त्या कार्तिकातही उघडलं होतं, पण दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कार्तिक महिन्यात आमच्याकडच्या म्हाताऱ्या आणि विधवा हविषाचं व्रत धरून पुरीला येऊन राहतात. तशा आम्हीही तिघी आलो होतो. दोलमंडप गल्लीतल्या मठात एक खोली, तीन चटया, एक चूल. पहाटे समुद्रात बुडी, मग तुळशीपुढे रंगीत भुकटीची रांगोळी, मग देऊळ, मग पुराण, आणि सूर्य बुडायच्या आत एकदाच जेवण. ते जेवण तरी कसलं! तांदूळ, मूगडाळ, कच्चं केळं आणि सुरण एकत्र शिजवून वर तूप. हळद नाही, मिरची नाही. पहिले चार दिवस मन फार पवित्र असतं. पाचव्या दिवसापासून सुक्या मासळीची स्वप्नं पडायला लागतात, फक्त कबूल कुणी करत नाही.

"महाप्रसाद, भात लागला वाटतं," निशामणी म्हणायची.

"लागला तर लागला. काल तू घातलास तो तर कोंबडीनंही टिपला नसता," कनकलता म्हणायची.

"कोंबडीचं नाव काढू नकोस ग, कार्तिक आहे," मी म्हणायचे, की तिघी हसायचो. हसता हसता कनकलतेला ढास लागायची आणि हसणं थांबायचं.

ती ढास गेल्या वर्षापासूनची. बरहमपूरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि थोरल्या मुलाला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. मुलानं आईला सांगितलं नाही, पण सुनेनं दुसऱ्याच दिवशी सासूची ताट-वाटी वेगळी केली, तेव्हा कनकलतेला कळायचं ते कळलं. मरायला ती घाबरत नव्हती. तिच्या जिवाला घोर होता तो मुलीचा, सेबतीचा. सेबती चाळिशीला टेकलेली, लग्न नाही. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र टाकून गावभरच्या बायकांचे झंपर शिवते. तिची भावजय, म्हणजे हीच सून, आत्तापासूनच म्हणत होती, की ती खोली रिकामी झाली तर तिथे मोटरसायकल ठेवता येईल.

पण सेबतीचं लग्न का झालं नाही, ते आधी सांगायला हवं.

निशामणीचा एकुलता एक मुलगा प्रफुल्ल. तो आणि सेबती एकाच अंगणात वाढले. कॉलेजात जायच्या वयात तो तिला सायकलवर डबलसीट घेऊन अस्क्याच्या बाजाराला जायला लागला, तेव्हा मला सगळ्यात आधी समजलं, कारण माझ्या ओसरीवरून रस्ता दिसतो. मला वाईट वाटलं नाही. जात एक, घराणी वेगळी, मुलगा कष्टाळू, मुलगी गुणाची. कनकलतेचा नवरा तेव्हा जिवंत होता. साधा माणूस. तो म्हणाला, "काय हरकत आहे? मुलगी दोन घरं पलीकडे राहील, डोळ्यासमोर राहील."

हरकत त्या दोघींची होती. महाप्रसादची मुलं म्हणजे भाऊबहीण. भाऊबहिणीचं लग्न लावायचं तर देवाच्या भाताला लाथ मारल्यासारखं. दोघी अशा धास्तावल्या, की कुणाला काही विचारायला थांबल्याच नाहीत. श्रावणी पौर्णिमेला अख्ख्या गल्लीदेखत त्यांनी सेबतीला प्रफुल्लच्या हातावर राखी बांधायला लावली. ती पोर खाली मान घालून गाठ मारत होती आणि गाठ बसत नव्हती. शेवटी प्रफुल्लनंच दुसऱ्या हाताचं बोट गाठीवर धरलं. त्याच महिन्यात तो सुरतेला गेला, यंत्रमागावर. तिथून पैसे पाठवायचा, यात्रेला कधीतरी यायचा, दोन दिवस राहून जायचा. लग्नाचं काढलं की म्हणायचा, "बघू." सेबतीला स्थळं आली, ती म्हणायची, "नको." पण दर श्रावणात ती राखी पाठवायची. तिकडून साडी यायची. दोघी महाप्रसाद एकमेकींना सांगायच्या, बघ, पोरं समजूतदार निघाली. मला तो समजूतदारपणा बघवायचा नाही.

तर त्या कार्तिकात, तुळशीपुढे रांगोळी घालता घालता, कनकलता एकदम म्हणाली, "महाप्रसाद, आपण हे सोडून देऊ या."

"रांगोळी?"

"आपलं. आपलं महाप्रसाद सोडून देऊ. देवाला परत करू."

निशामणीच्या चिमटीतली पिवळी भुकटी रांगोळीतल्या राधेच्या नाकावरच पडली. बराच वेळ ती ते नाक नीट करत बसली.

"मी जाणार," कनकलता म्हणाली. "मी गेले की माझी सून तिला महिनाभर ठेवणार नाही. तिचं कोण आहे? आणि तुझा पण तिकडे एकटाच. हाताने भात शिजवून खातो. आपण मध्ये नसतो तर आज त्यांची पोरं शाळेत गेली असती. अजून काय, वय काही फार झालं नाही. दोन भाकऱ्या एकमेकांना करून घालतील तरी."

"आणि आपण?"

"आपलं झालं की ग जगून."

निशामणी रडायला लागली. मला वाटलं, आता नाही म्हणेल. तर डोळे पुसून म्हणाली, "परत कसं करतात पण?"

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, "बायांनो, आधी पोरांना फोन करा. त्यांना हवंय का ते तरी विचारा. मग देवाकडे जा."

दोघींनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू मी देवळात चपला घालून शिरले होते.

"असं कसं विचारायचं ग, कुंती?" निशामणी म्हणाली. "अजून आम्ही महाप्रसाद आहोत. आज तोंडातून काढलं तर भावाबहिणीला लग्न करता का म्हणून विचारल्यासारखं होईल. आधी ते सोडायचं, मग विचारायचं."

"पाप लागेल," कनकलता म्हणाली.

मी हात टेकले. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच होतं, तीच तर पंचाईत होती. गुंता सोडवायचा होता, पण सोडवण्याआधी दोरा कुणाचा ते विचारायची सोय नव्हती.

आमचे पंडे बनमाळी खुंटिआ. पोट सुटलेले, तोंडात सदा विडा, आणि यजमानाच्या तीन पिढ्यांची नावं जिभेवर. दोघींनी त्यांना देवळाच्या आवारात एका बाजूला घेतलं आणि कानात बोलावं तसं सगळं सांगितलं.

"मा," ते म्हणाले, "नवस फेडायला लोक येतात, मुंज लावायला येतात, भांडण मिटवायला येतात. महाप्रसाद व्हायला तर रोज येतात. परत करायला तुम्हीच पहिल्या. खाल्लेला भात परत कसा करणार? पोटातून काढणार?"

"थट्टा करू नका, बाबा," कनकलता म्हणाली. "मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे."

विडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "असा काही विधी नाही. मी कुठे ऐकलेला नाही. पण हे सगळं कशावर उभं आहे? नाव न घेण्यावर. तुम्ही एकमेकींचं नाव घेतलंत, तर ते राहत नाही. जिथे बांधलंत तिथेच बसून घ्या, म्हणजे देवानं बघितलं असं होईल. पण एक सांगतो. आज पाडून उद्या परत उभं करून द्या म्हणून माझ्याकडे येऊ नका. देवाच्या दारात हा खेळ नाही चालत."

"नाही येणार," दोघी एकदम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आनंदबजारात गेलो. मडक्यांच्या उतरंडी, वाफा, भाव करणारे लोक, कुणाच्याही पानातलं कुणीही खातंय, एक मारवाडी कुटुंब आणि एक हमाल एकाच मडक्यात हात घालून बसलेले. तिथे कोण आपल्याकडे बघणार? तरी दोघींनी कोपरा शोधला. समोरासमोर बसल्या. मी मध्ये, साक्षीला. कनकलतेनं डाळभाताचं एक लहान मडकं घेतलं होतं, रिकाम्या हातानं कसं बसायचं म्हणून. ते तसंच झाकलेलं राहिलं.

"तू आधी," कनकलता म्हणाली.

"तू काढलंस हे, तू आधी."

"मला ठसका लागेल."

"मग पाणी पी."

माझं डोकं तापायला लागलं होतं, पण हसूही येत होतं. दोन म्हाताऱ्या, नवीन नवरीला उखाणा घ्यायला बसवावं तशा लाजत होत्या. शेवटी कनकलतेनं पदर डोक्यावर नीट ओढला, डोळे मिटले आणि म्हणाली, "निशामणी."

निशामणीनं चटकन मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसेल असं वाटलं होतं. दिसलं ते भलतंच. कुणीतरी लांबून हाक मारावी आणि आपण ओळखीचा आवाज शोधावा, तशी ती बघत होती.

"परत एकदा म्हण ना," ती म्हणाली.

"निशामणी."

"माझी आई गेल्यापासून हे नाव कुणी घेतलं नव्हतं ग," निशामणी म्हणाली आणि तिला हुंदका आला. खरंच होतं ते. नवऱ्यानं कधी घेतलं नाही, सासरी ती प्रफुल्लची आई, गल्लीत ती काकू. मलाही क्षणभर आठवावं लागलं असतं.

मग तिनं नाव घेतलं. "कनक," म्हणाली. पूर्ण नाव तिला घेताच आलं नाही, पण तेवढंही पुरे होतं. दोघी हात हातात घेऊन रडल्या. मला वाटलं, आयुष्यभराचं मैत्र तोडताना दोघी एवढ्या जवळ आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. उठताना ते मडकं मी उचललं. अन्न टाकायचं नव्हतं, म्हणून शेजारच्या एका म्हाताऱ्याला दिलं.

बाहेर आलो, चपला घेतल्या, देवळात नेता येत नाही म्हणून दुकानात ठेवलेला फोन घेतला आणि बडदांडावर, देवळासमोरच्या त्या रुंद रस्त्यावरच, एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसलो. कनकलतेला धीर नव्हता. तिला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर लावला, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं. पलीकडे शिवणयंत्राची खडखड होती.

"बोउ, खोकला कसा आहे?" सेबतीनं विचारलं. आईला ती बोउ म्हणते.

"खोकल्याचं सोड. ऐक. आम्ही महाप्रसाद सोडलं."

"काय सोडलं? उपास?"

"महाप्रसाद, ग. मी आणि तुझ्या मावशीनं. नाव घेतलं एकमेकींचं. आत्ता, देवळात."

खडखड थांबली.

"का?" सेबतीनं विचारलं.

"तुझ्यासाठी. आता तुम्ही भाऊबहीण नाही राहिलात. आता आम्ही त्याला विचारू शकतो. तुझी हरकत नसेल तर..." कनकलतेला ढास लागली. निशामणीनं फोन घेतला. "मी बोलते ग, सेबती. मी प्रफुल्लला आजच सांगते. तू फक्त हो म्हण. फार उशीर झाला, ते आमचं चुकलं, पण अजून—"

"मावशी," सेबती म्हणाली. मग जरा थांबली. "मावशी, प्रफुल्लभाईचं लग्न झालंय."

बडदांडावरून एक बैल चालला होता, त्याला वाट द्यायला सगळी गर्दी बाजूला होत होती. मी त्या बैलाकडेच बघत राहिले, दोघींच्या तोंडाकडे बघायचा मला धीर झाला नाही.

"पुष्कळ वर्षं झाली," सेबती म्हणाली. "बायको जळगावकडची आहे. त्याच्याच कारखान्यात कांड्या भरायची. मुलगी पहिलीत आहे. टुकुनी. वेगळ्या जातीची बायको म्हणून तू रागावशील, असं त्याला वाटलं. म्हणाला, मी बोउला हळूहळू सांगतो, तू सांगू नकोस. म्हणून मी नाही सांगितलं."

"माझी नात?" निशामणी म्हणाली. "आणि तुला ठाऊक होतं?"

"मला नाही सांगणार तर कुणाला सांगणार? माणूस बहिणीलाच सांगतो ना." तिचा आवाज अजून शांत होता. "टुकुनी दर रविवारी फोनवर मला तोंड दाखवते. आत्या म्हणते. तिचा फ्रॉकच आत्ता यंत्रावर आहे."

कनकलतेनं फोन परत ओढून घेतला. "मग चांगलं झालं की. त्याचं झालं तर झालं. आपण तुझ्यासाठी दुसरं—"

"बोउ, तू विचारलंस का मला?" आता तो आवाज चढला. सेबतीचा चढलेला आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. "तेव्हा विचारलं नाहीस, आता तरी विचारायचंस. मी सुरतेला जाणार होते. तुझ्यानंतर. भाईनं सांगून ठेवलंय, त्याच्या बायकोनंही सांगितलंय. वरच्या खोलीत माझं यंत्र लागणार होतं. त्याच्या बायकोला सगळं माहीत आहे, आधी काय होतं ते. मी बहीण आहे म्हणून तिनं दार उघडं ठेवलंय. आता मी तिला काय सांगू, मी कोण?"

"तिला कशाला सांगायचं?" मी मध्ये तोंड घातलं. "सेबती, मी कुंतलाकाकू. कुणाला काही सांगायचं नाही. आम्ही तिघी आणि ते पंडे. माझ्या तोंडातून अवाक्षर निघालं तर बघ." जन्मात पहिल्यांदाच मी माझं तोंड बंद ठेवायला तयार झाले होते.

"मला कळलं ना, काकू," ती म्हणाली. "राखी मला पाठवायची असते."

मग तिनं फोन ठेवला. ठेवण्याआधी "गोळ्या घे" म्हणाली, ते आईला.

त्या ओट्यावर आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. दुकानदार दोनदा येऊन "काही दाखवू का, मा?" म्हणून गेला. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. प्रफुल्लशी लग्न होऊ दिलं नाही, तेव्हा त्या पोरीनं निदान जे हातात उरलं ते नातं तरी घट्ट धरलं. राखीची ती बसत नसलेली गाठ तिनं एकटीनं इतकी वर्षं ओढून ओढून घट्ट केली. तिचं कोण आहे म्हणून तिची आई झुरत होती, आणि तिचं होतं की. भाऊ होता, भावजय होती, भाची होती, खोलीसुद्धा ठरलेली होती. दोघींनी मिळून देवाच्या दारात बसून, रडून, प्रेमानं ते सगळं मोडलं होतं. मला त्यांचा राग आला. फार राग आला. पण शेजारी बसलेल्या दोन थकलेल्या बायांवर तो काढणार कसा?

संध्याकाळी दोघी पुन्हा बनमाळी खुंटिआंकडे गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी ऐकून घेतलं. थट्टा केली नाही. त्या दिवशी त्यांच्या तोंडात विडाही नव्हता.

"मा, मी आधीच म्हटलं होतं," एवढंच ते म्हणाले.

"आमच्या आम्हीच बसतो," कनकलता काकुळतीला येऊन म्हणाली. "तुम्ही नका येऊ. भात घेतो, भरवतो, झालं."

निशामणीनंच मान हलवली. "लहान होतो तेव्हा आपल्याला काही मागायचं नव्हतं," ती म्हणाली. "भूक लागली होती, भात भरवला, झालं. आता आपण मागायला जाणार. ते कसलं महाप्रसाद?"

कनकलता तिला समजवायला वळली. बोलताना तिला समोरच्या बाईला काय म्हणायचं तेच सुचत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्यानंतर पौर्णिमेपर्यंतचे दिवस आम्ही कसेबसे काढले. एकाच खोलीत तीन चटया, पण मधली चटई आता माझी झाली. महाप्रसाद म्हणायचं नाही आणि नाव घ्यायला जीभ वळत नाही, म्हणून सगळं माझ्यामार्फत चालायचं.

"कुंती, तिला विचार, तूप संपलं का."

"कुंती, तिला सांग, कालच संपलं."

मी वैतागून म्हटलं, "मी काय तुमचं पोस्ट आहे? तोंडं आहेत ना तुम्हाला?" तेव्हा दोघी माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या, आणि दहा मिनिटांनी पुन्हा "कुंती, तिला सांग" सुरू झालं. कनकलता खोकायला लागली की निशामणी उठून तिच्या पाठीवर हात फिरवायची. ते मात्र माझ्यामार्फत नव्हतं. पण फिरवताना बोलायची नाही.

निशामणीनं प्रफुल्लला फोन केला होता, तो मठाच्या गच्चीवर जाऊन, एकटीनं. खाली आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. नातीचा आवाज ऐकला होता. "आजी म्हणाली मला, मराठीत," ती मला म्हणाली. मग तिची नजर कनकलतेकडे गेली आणि ते हसू तिनं गिळलं. नात मिळाल्याचा आनंद जिला आधी सांगायचा, तिलाच सांगता येत नव्हता. प्रफुल्लला तिनं देवळातलं काही सांगितलं का, असं मी विचारलं. "नाही," म्हणाली. "ते सेबतीचं आहे. तिला सांगायचं तर ती सांगेल."

पौर्णिमेच्या पहाटे सगळ्यांनी केळीच्या सोपटाच्या होड्या पाण्यात सोडल्या, दिवा लावून, विडा ठेवून. दरवर्षी त्या दोघींची मिळून एक होडी असायची. त्या वर्षी दोन झाल्या. निशामणीची लाटेबरोबर परत परत किनाऱ्याला येत होती. कनकलतेनं ती न बोलता उचलली, गुडघाभर पाण्यात जाऊन पुढे ढकलली आणि ओली होऊन परत आली. मी ओरडले, या थंडीत खोकला वाढेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी बसनं निघालो. तीन जणींच्या बाकावर मी मध्ये. चिलिका सरोवर लागलं, मासळीचा वास आला. व्रत सुटलं होतं, पण तिघींपैकी एकीनंही मासळीचा विषय काढला नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. सेबती गावातल्या सगळ्या बायांना काकू म्हणते. मलाही काकूच म्हणते. मावशी म्हणायची ती एकट्या निशामणीला. लहानपणी पडली, लागलं, आईनं मारलं, की "मावशी" म्हणून भोकाड पसरत ती माझ्या अंगणातून पलीकडे पळायची.

गावच्या फाट्यावर बस थांबली, तर सेबती घ्यायला आलेली होती. साडी नीट नेसलेली, केसांना तेल लावलेलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आईच्या पाया पडली, खोकल्याचं विचारलं, तिच्या खांद्यावर शाल नीट केली. काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं, त्यातून लाल फ्रॉकची झालर बाहेर दिसत होती. पोस्टात टाकायला निघाली होती की परत घेऊन आली होती, कोण जाणे. मी विचारलं नाही.

मग ती वळली आणि म्हणाली, "काकू, पिशवी द्या. दमला असाल."

मला वाटलं, मलाच म्हणाली. मी माझी पिशवी पुढे केली. तिनं निशामणीच्या हातातली घेतली.